आपण वर दिलेल्या उत्तरांपैकी एक निवडा

आई तुळजाभवानीच्या चरणी मस्तक ठेवून आणि विघ्नहर्त्या गजाननाचे स्मरण करून मी हा लेख लिहावयास घेतो. निमित्त असे की, आमच्या शाळेत ज्यांनी हयातभर गणित शिकविले त्या गृहस्थांस येत्या मार्गशीर्षात पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गाव त्यांचा सत्कार करणार आहे आणि एक गौरविकाही काढणार आहे. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. ते मुखपृष्ठावर असणारच, आणि गावात त्यांस ‘सर’ याखेरीज कोणी दुसऱ्या नावाने हाक मारीत नाही.

लेखाची मागणी रीतीप्रमाणे पत्राने यावयास हवी होती. ती मोबाइलवर, फॉर्माने आली. पहिला प्रश्न होता, ‘सरांचे तीन गुण लिहा.’ मी लिहिले : सचोटी, चिकाटी, विक्षिप्तपणा. दुसऱ्या प्रश्नात माझेच हे तीन शब्द माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि वर सूचना आली, ‘आपण वर दिलेल्या उत्तरांपैकी एक निवडा. त्यावर लेख लिहावयाचा आहे.’ सचोटी आणि चिकाटी यांच्यापुढे ‘हा विषय दिला गेला आहे’ असे लिहिलेले होते. विक्षिप्तपणा तेवढा मोकळा होता.

हा फॉर्म कोणी केला, अशी मी चौकशी केली. तो सरांनीच केला होता. गावात तो दुसऱ्या कोणास करता येत नाही. स्वतःच्या सत्काराचा फॉर्म स्वतः करणारा मनुष्य मी अन्यत्र पाहिलेला नाही; आणि यात संकोच वाटण्यासारखे काही आहे, हे सरांस समजावून देऊ शकेल असाही कोणी पाहिलेला नाही.

आम्ही दोघे एकाच शाळेत होतो. मी संस्कृत शिकवीत असे. माझ्या तासाला मुले झोपत आणि त्यांच्या तासाला जागी राहत, यास विषयाचा दोष म्हणावा की शिक्षकाचा, हे मी ठरवू शकलो नाही. एखाद्याने गृहपाठ केला नसला, की सर त्याला फळ्यापाशी बोलावीत.

“काल घरी गेल्यावर काय काय करणार होतास?”

“खेळणार होतो, सर. मग हिरीवर पोहायला जाणार होतो. मग जेवून झोपणार होतो.”

सर या गोष्टी एकाखाली एक फळ्यावर लिहीत. “आता सांग, यातलं काय राहिलं?”

“काईच न्हाय, सर.”

“मग बस खाली. तुझं सगळं झालंय.”

मुलगा जागेवर जाऊन बसे, फळ्याकडे पाही, आणि जे राहिले ते आपण मुळात बोललोच नाही, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येई. सरांनी त्याला शिक्षा केलेली नसे. म्हणूनच त्याला दिवसभर चैन पडत नसे. “जे पहिल्या उत्तरात न्हाई, ते दुसऱ्या प्रश्नात कुठून येणार?” हे त्यांचे आवडते वाक्य होते. ते शिक्षकांच्या खोलीतही बोलले जाई आणि मुख्याध्यापकांसमोरही.

घरीही रीत हीच. एकदा मी त्यांच्याकडे बसलो असता त्यांच्या पत्नीने, म्हणजे गावच्या काकूंनी, आतून विचारले, “आज कालवण कशाचं करू ओ?”

“घरात काय काय आहे?”

“वांगी हायती, शेपू हाय, डाळ हाय.”

“यातलं काय करावं असं तुमच्या मनात आहे?”

“वांगी.”

“मग वांगी करा.”

काकू उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. “भावजी, तुमीच सांगा. लगीन होऊन इतकी वर्सं झाली, ह्या माणसानं मला एक भाजी सांगितली न्हाय. म्या ईचारते आन् मीच सांगते. मग ह्यो माणूस घरात कशासाठी ठिवलाय?”

सर म्हणाले, “तुम्ही विचारता म्हणून तर तुम्हाला कळतं, की तुमच्या मनात वांगी होती.”

अशा मनुष्याच्या हाती उतारवयात मोबाइल आला. पुण्याच्या मुलाने तो पाठविला, तो बापाची ख्यालीखुशाली कळावी म्हणून. सरांस त्यात फॉर्म सापडले. एके सकाळी माझी संध्या चालू असता ते अंगणातूनच हाका मारीत आले, “शास्त्रीबुवा, सापडलं!” मला बोलता येत नव्हते. मी हाताने बसावयास खुणावले. माझा जप संपेपर्यंत ते ओट्यावर बसून राहिले. पण त्यांच्या गुडघ्यांची जी चाळवाचाळव चालली होती, तिने त्या दिवशीच्या जपाचे पुण्य बरेच उणावले असावे.

त्यांस सापडले होते ते असे. पहिल्या प्रश्नात ‘आपणास कोणकोणती फळे आवडतात’ असे विचारावे. आपण आंबा, सीताफळ आणि पेरू यांवर खूण केली, की दुसऱ्या प्रश्नात तीच तीन फळे पर्याय म्हणून येतात आणि ‘यांतील सर्वांत आवडते कोणते’ असे विचारले जाते. ज्याने केळ्यावर खूण केली नाही, त्यास पुढे केळे दिसत नाही.

“फॉर्म माणसाचं ऐकतो ओ!” सर म्हणाले. “आधी जे सांगितलं तेच धरून पुढं विचारतो. आपल्या गावात असं ऐकणारा एक माणूस दाखवा मला.”

मला दाखविता आला नाही.

त्यानंतर गावात फॉर्मांचे पीक आले. त्यातील मारुतीच्या भंडाऱ्याचा फॉर्म अद्याप लोकांच्या स्मरणात आहे. पहिला प्रश्न होता, ‘यंदा आपल्या शेतात काय काय पिकले?’ खाली ज्वारी, हरभरा, गहू, करडई अशी नावे, आणि शेवटी ‘काही नाही’. आमच्याकडील कुणब्यास पिकाविषयी विचारले, की त्याचा हात आखडत नाही. लोकांनी सगळ्यांवर खुणा केल्या. दुसऱ्या प्रश्नात तीच धान्ये पुन्हा आली आणि त्यांखाली लिहिले होते, ‘यांतील काय भंडाऱ्यास देणार?’

गावातील एक मोठे बागायतदार मोबाइल हातात घेऊन भर चौकात सरांस गाठते झाले.

“सर, ह्यात ‘काही नाही’ला खूण करायला जागा कुठाय?”

“आधीच्या प्रश्नात होती की, दादा. तवा तुम्ही केली न्हाई.”

“तवा मला काय ठावं, तुमी म्होरं ह्ये ईचारणार!”

“ठाऊक नव्हतं म्हणूनच तर खरं लिहिलंत.”

त्या वर्षी भंडारा असा झाला, की तिसऱ्या दिवशीपर्यंत पंगती उठत होत्या. पुढच्या वर्षी त्याच फॉर्मावर अख्ख्या गावाने पहिल्या प्रश्नातच ‘काही नाही’वर खूण केली. त्या साली आमच्या शिवारात एक दाणाही पिकला नाही, असे त्या फॉर्मावरून सिद्ध होते. भंडारा मात्र झाला. बायकांनी फॉर्म न पाहताच पायल्यांनी ज्वारी आणून देवळात ओतली. सरांनी ते पाहिले आणि वहीत काहीतरी टिपून घेतले. काय टिपले ते त्यांनी दाखविले नाही.

एकदा आम्ही दोघे तुळजापुरास दर्शनास गेलो होतो. रांग मोठी होती. पुढे एक सोलापूरचे कुटुंब होते आणि त्यातील बाई देवीस मागावयाच्या गोष्टी आपल्या सुनेस ऐकवीत होत्या. बरीच मोठी यादी होती. सर माझ्या कानाशी लागून म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुमचं ते प्रारब्ध म्हणजे वेगळं काय आहे? मागच्या प्रश्नाला जी उत्तरं दिली, तीच पुढच्या प्रश्नाला पर्याय म्हणून येतात. आई बिचारी नवा पर्याय कुठून आणणार?”

मी जन्मभर ज्यावर प्रवचने केली, ते एका गणिताच्या शिक्षकाने चपला काढता काढता सांगून टाकले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या म्हणण्यात दोष कोठे आहे, हे शोधण्यात ते दोन दिवस गेले.

आता मला जे सांगावयाचे आहे त्याकडे वळतो. यात विक्षिप्तपणा त्यांचा आहे आणि अपराध माझा.

आमच्या गावाहून लोहाऱ्यास जाणारी एसटी साडेदहास येत असे. कॉलेज दहास भरते. जीप होती, पण ती भरल्याशिवाय निघत नसे, आणि ती कशी भरते हे ज्याने पाहिले आहे तो आपल्या मुलीस तीत बसविणार नाही. त्या वर्षी आमच्या शाळेतून दहावीला कोमल नावाची मुलगी पहिली आली. तिचा बाप बिरू माळावर मेंढरे राखतो. तो सज्जन आहे आणि मोजके बोलतो. त्याने सरांस सांगून टाकले होते, “गाडी येळंवर आली तर जाईल पोरगी. न्हायतर घरी काय काम कमी हाय? मेंढरं हायतीच.” अकरावीचे प्रवेश बंद होण्यास तेव्हा पंधरा दिवस उरले होते.

आगारातील साहेबांचे म्हणणे असे, की तुमच्या गावातून दहा माणसे येतात आणि दहा वेळा सांगतात. सगळ्या गावाची मिळून एक वेळ लेखी आणा, मग पाहू. सरांनी अर्थातच फॉर्म केला. या खेपेस त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. प्रश्न एकच होता, ‘गाडी किती वाजता हवी?’, आणि आधीच्या माणसाने लिहिलेले उत्तर नंतरच्या माणसास पर्याय म्हणून दिसणार होते. पटले तर त्यावर खूण करावी, न पटले तर आपले वेगळे लिहावे. म्हणजे बोलता बोलता गावच आपली वेळ ठरवील, अशी त्यांची कल्पना.

मारुतीच्या पारावर लोक मोबाइल घेऊन जमले; पण भंडाऱ्यात पोळलेले असल्याने पहिले उत्तर कोणी देईना. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. “गुरुजी, पयलं तुमी.”

मी चष्मा पुसला आणि लिहिले, ‘सर्वांस जी सोयीची असेल, ती वेळ.’

हे लिहिताना मला माझ्या निरहंकारपणाचे कौतुक वाटले, हे आता कबूल करतो. मग एकेकाने खूण करण्यास आरंभ केला. माझ्यापासून दोन हातांवर बिरू उभा होता आणि त्याच्या खांद्याशी कोमल. तिचे कुजबुजणे मला स्पष्ट ऐकू आले.

“आबा, नऊ लिवा. नऊ वाजता.”

“गप. गुरुजींच्या म्होरं आपण येगळं लिवायचं व्हय?”

“पण आबा, गुरुजींनी वेळ लिवलीच न्हाय.”

“त्येंनी लिवलं म्हंजी ईचार करूनच लिवलं असंल.”

आणि त्याने माझ्या उत्तरावर बोट दाबले. मी ते ऐकले आणि गप्प राहिलो. त्या वेळी मला वाटले, मुलगी थोडी उतावळी आहे.

गाव एकमताने म्हणाले, की सर्वांस जी सोयीची असेल ती वेळ. असे एकमत आमच्या गावात पूर्वी कशावरही झालेले नव्हते. सर तो कागद घेऊन आगारात निघाले; मी सोबत गेलो. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

“एकमत झालंय म्हणता?”

“झालंय.”

“म्हणजे सगळ्यांना सोयीची वेळ पाहिजे. आता जी गाडी चालू आहे तिची कुणाची लेखी तक्रार आहे का यात?”

“तशी नाही.”

“मग अडचण काय आहे, गुरुजी?” त्यांनी मलाच विचारले, कारण वयाने वडील मी दिसत होतो. त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांनी कागदावर होते तेवढेच वाचले होते.

परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर पाहत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “शास्त्रीबुवा, तुम्हाला किती वाजता गाडी लागते?”

“मला आता कुठं जायचंय, सर?”

“मग उत्तर कशाला दिलंत?”

मी सभांमधून वाद केलेले आहेत आणि पुष्कळदा हरलोही आहे. पण तेव्हा निदान प्रतिपक्षाचा राग तरी येत असे. सरांचा तोही येईना; त्यांच्या आवाजातच राग नव्हता. ते स्वतःशीच म्हणाले, “चूक माझीच हाय. ज्याला जायचं न्हाई, त्याला मी विचारायलाच नको होतं.”

दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म आला. पहिला प्रश्न होता, ‘आपल्या घरातून रोज गाडीने कोण जाणार? त्यांची नावे लिहा.’ जी नावे लिहावीत तीच पुढच्या प्रश्नात येत आणि प्रत्येकापुढे विचारलेले असे, ‘यांस किती वाजता पोचावयाचे आहे?’ ज्याने नावच लिहिले नाही, त्याचा फॉर्म तेथेच ‘धन्यवाद’ म्हणून मिटत असे. मला धन्यवाद मिळाले. त्या बागायतदारांसही मिळाले आणि ते संतापले, “आमास्नी नुसतं धन्यवाद?”

“तुमच्या दारात मोटार हाय, दादा,” सर म्हणाले. “तिला विचारा किती वाजता निघायचं.”

पाच दिवस गेले. दोन-चार नावे आली, ती दवाखान्याच्या फेऱ्या करणाऱ्या म्हाताऱ्यांची. मुलीचे नाव एकही आले नाही. साहेबांनी सरांच्या आग्रहास्तव पुन्हा एकदा शुक्रवारी कागद पाहण्याचे मान्य केले होते आणि शनिवारी प्रवेश बंद होत होते. गुरुवारी पूजा आटोपल्यावर मी काठी घेतली आणि माळाची वाट धरली.

बिरू झाडाखाली बसून लोकर कातरीत होता आणि कोमलने मेंढीचे पाय धरले होते. मला पाहून तो उठू लागला. “गुरुजी, तुमी कशाला आला उन्हाचं? सांगावा धाडायचा.”

“फॉर्म भरलास का, बिरू?”

“भराय गेल्तो. तुमचं उत्तर हुडकलं, तर ह्या बारीला ते त्येच्यात न्हायच.”

“नाही. मला कुठं जायचं नाही.”

तो पुन्हा खाली बसला आणि कातर चालवू लागला. मान खाली घालूनच म्हणाला, “एकदा नाव लिवलं, की म्होरल्या सवालात तेच येणार न्हवं?”

“तेच येणार.”

“मग ईचारणार, हिला कवा पोचायचंय.”

“हो.”

“आन् जायाचं का न्हाय, ह्ये कुठं ईचारणार?”

“ते कुठंच विचारणार नाही. नाव लिहिलं की ते झालं.”

तेव्हा मला कळले, की सरांचा फॉर्म या गावात जर कोणास पुरता समजला असेल, तर तो या मेंढपाळास. इतरांनी नावे लिहिली नव्हती ती आळसाने. याने लिहिले नव्हते ते समजून.

त्याने एका बाजूची लोकर संपविली, मेंढी उलटी केली आणि दुसरी बाजू धरली. कोमल माझ्याकडे पाहत नव्हती आणि बापाकडेही नाही. ती मेंढीच्या पायांकडे पाहत होती. मग बिरू म्हणाला, “गुरुजी, आता तुमीच सांगा. तुमी म्हणाल तसं लिवतो.”

सांगणे सोपे होते. मी ‘लिही’ म्हणालो असतो, तर त्याने लिहिले असते, आणि मी घरी येऊन समाधानाने जेवलोही असतो. पण पारावरचे माझे ते सुबक वाक्य मला आठवले. आणखी एकदा त्या घरचे पहिले उत्तर मी द्यावे, हे माझ्याने होईना.

“मला विचारू नकोस, बिरू. जिला जायचंय ती तुझ्यासमोर बसली आहे.”

मेंढी सुटली आणि अंग झाडीत कळपात गेली. बिरूने कातर खाली ठेवली, धोतराच्या टोकाने हात पुसू लागला, आणि पुसतच राहिला. शेवटी खिशाकडे मानेने खूण करून म्हणाला, “घे. तुजं तूच लिव. माज्या हाताला लोकर हाय.”

कोमलने मोबाइल काढून घेतला आणि लिहिले. दुसरा प्रश्न आला तेव्हा तिने तो मोठ्याने वाचला, “कोमल बिरू, यांस किती वाजता पोचावयाचे आहे?” आपले नाव कोणीतरी ‘यांस’ म्हणून घेतले, याचे तिला हसू आले. बापाला आले नाही. तो कान देऊन ऐकत होता.

बिरूच्या पोरीचे नाव गेले, ही गोष्ट सायंकाळपर्यंत गावभर झाली, आणि सकाळी मला घेऊन सर आगारात निघाले तेव्हा त्यांच्या कागदावर आणखी सहा मुली होत्या. साहेबांनी नावे वाचली, त्यांपुढील वेळा वाचल्या. “हे आधी का नाही आणलं?” त्यांनी विचारले. सरांनी माझ्याकडे पाहिले नाही, एवढे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. एक महिना पाहू, असे म्हणून साहेबांनी गाडी नऊची केली. तो महिना संपल्याचे अद्याप त्यांनी कळविलेले नाही.

पहिल्या दिवशी गाडी वेळेवर आली, पण सुटली दहा मिनिटे उशिरा. कारण बिरू मुलीस पोचविण्यास अख्खा कळप घेऊनच फाट्यावर आला होता आणि रस्ता मेंढरांनी भरून गेला होता. कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, “काय पाव्हणं, ह्या समद्यांची तिकिटं फाडू का?”

बिरू काठीने मेंढरे रस्त्याच्या कडेला लोटीत होता. त्याने वळून न पाहताच सांगितले, “न्हाय. जाणारी एकलीच हाय.”

आई जगदंबा सरांस शंभरी दाखवो, आणि त्यांच्या घरी रोज विचारून, पण वांग्यांखेरीजही काहीतरी शिजो. हे वाचणाऱ्या आपणांस आणि आपल्या लेकीसुनांस ती आरोग्य देवो. आपल्या घरातून ज्यास दूर जावयाचे आहे, त्याचे नाव त्याच्याच हाताने लिहिले जावो; आणि त्या वेळी वडीलधाऱ्यांच्या हातांस, देवीच्या कृपेने, दुसरे काहीतरी काम असो.